तात्यांना मी दिलेली बढती

"ऑफिसरसायेब, तुमी एक शब्द टाकला की आमचं काम झालं," कळंबचे पाव्हणे म्हणाले, आणि पोह्यांची ताटली त्यांच्यापुढं ठेवता ठेवता माझा हात मध्येच थांबला.

तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मागं वळून पाहिलं. आपल्या पाठीमागं कोणी साहेब येऊन उभा राहिलाय का, ते बघत होते. मागं नुसती भिंत होती. मग ते पुढं वळले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात साहेब कोण, हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि आत चहा ओतत असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला. ज्याला साहेब केलं होतं त्याला आम्ही विचारलंच नव्हतं.

गोष्ट चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या हिवाळ्यातली. आमच्या कन्हेरी गावात तेव्हा इंग्रजीचा जाणकार म्हणून माझा बोलबाला होता. बी. ए. ला इंग्रजी घेतलं होतं आणि ते दुसऱ्या खेपेला सुटलं होतं, पण गावानं पहिली खेप मनावर घेतली नव्हती. बारामतीत एका शिकवणीवर्गात मी आठवीच्या पोरांना इंग्रजी बोलायला शिकवत असे, आणि तेवढ्या जोरावर छापून घेतलेल्या कार्डावर माझ्या नावाआधी 'प्रोफेसर' होतं. बढती द्यायची सवय मी स्वतःपासूनच सुरू केली होती.

पुढं गावातल्या लग्नाच्या मुलामुलींचे बायोडाटे माझ्याकडं यायला लागले. बारामतीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसून मी ते टाईप करून घ्यायचो आणि सढळ हातानं हुद्दे वाटायचो. वायरमनला मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर केलं. पिठाच्या गिरणीवाले इंडस्ट्रियालिस्ट झाले. दूध संकलनावर मापं घेणारा डेअरी मॅनेजर झाला. एकजण कधीकाळी एकाच मुदतीपुरता सोसायटीवर निवडून गेला होता, त्याला 'एक्स डायरेक्टर' लावलं, तर तो म्हणाला, नुसत्या डायरेक्टरपेक्षा हे जास्त वजनदार वाटतंय. मुलींच्या नावाआधी मी 'मिस' लिहायचो. एका चुलतीनं त्यावरही हरकत घेतली होती, आमची पोरगी कुठं शाळंवर हाय म्हणून. कोणाचं काही बिघडत नव्हतं. समोरच्या घराकडूनही तसलाच कागद यायचा आणि दोन्ही कागद एकमेकांना बघून गप्प राहायचे.

बहिणीच्या पहिल्या स्थळाला मात्र मी खरं लिहिलं होतं. तात्या कारखान्यात स्लिपबॉय होते, तेच लिहिलं. ऊस कधी लावला त्याची नोंद कारखान्यात होते आणि त्या तारखेच्या क्रमानं तोडीचा नंबर लागतो. नंबर आला की तोडीची चिठ्ठी शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन द्यायची, हे स्लिपबॉयचं काम. चिठ्ठी आल्याशिवाय तोडणीची टोळी उसाला कोयता लावत नाही. वीसेक वर्षं तात्या आधी सायकलवर आणि मग लुनावर चिठ्ठ्या वाटत होते. नंबर सोडून चिठ्ठी दिली नाही म्हणून आमच्या सख्ख्या आत्याचे यजमान वर्षभर आमच्याशी बोलत नव्हते.

तर त्या पहिल्या स्थळातल्या मुलाचे काका चष्मा चढवून कागद वाचू लागले आणि थांबले. "वय त्रेपन्न," ते म्हणाले, "आणि अजून बॉयच?" सगळे हसले. तात्याही हसले. आत स्वयंपाकघरात बहीण बशा पुसत होती, तिच्या हातांचा आवाज बंद झाला. त्या लोकांचा निरोप काही आला नाही.

पुढचा कागद मी टाईप करून आणला तेव्हा वडिलांच्या व्यवसायापुढं 'ऑफिसर, ॲग्रिकल्चर डिपार्टमेंट' असं होतं, आणि पुढं कारखान्याचं नाव. बहिणीनं वाचलं.

"दादा, हे काय?"

"इंग्रजीत असंच लिहितात," मी म्हणालो.

तिनं तो कागद पुन्हा एकदा वरपासून वाचला. मग तिनंच तो पाकिटात घातला आणि पाकिटाला जीभ लावली.

हे कळंबचं स्थळ त्याच पाकिटातून आलेलं. मुलगा डिप्लोमा झालेला, नोकरीला लागलेला. दोघांना एकमेकांशी बोलायला दहा मिनिटं दिली होती, त्यांची पंचवीस झाली, आणि बाहेर आल्यावर बहीण उगीचच दोनदा पाणी प्यायली. पसंती झाली. आता मुलाचे वडील आणि मध्यस्थ म्हणून आमचे मामा तारीख धरायला आले होते. आणि तारखेच्या आधी पाव्हण्यांनी उसाचा विषय काढला होता.

"अडीच एकर हाय, आडसाली, दीड वरसाचा," पाव्हणे सांगत होते. "समद्याला तुरं आलं, वजन घटाय लागलं. हीर आटली. तोड कुणी देईना. तुमच्याच कारखान्याच्या गटाच्या हाफिसात गेलो तर म्हणत्यात, नंबर लांब हाय. म्हटलं, आपला व्याहीच ऑफिसर हाय तर आपण कशाला दारं पुजायची?"

"कोण ऑफिसर?" तात्यांनी विचारलं.

मामांना खोकला आला. मी म्हणालो, "तात्या, पोहे गार होतायत."

पाव्हण्यांना वाटलं, तात्या विनयानं बोलतायत. त्यांनी हसत हसत खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तात्यांपुढं धरला. तात्यांनी तो उलगडला, लांब धरला, जवळ धरला आणि माझ्याकडं दिला.

"वाच."

आठवीच्या पोरांपुढं माझा आवाज खणखणीत असायचा. त्या दिवशी मी जे वाचलं ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

"मराठीत सांग."

"शेती खात्यात," मी म्हणालो, "ऑफिसर."

आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिच्यामागं बहीण चहाचा ट्रे घेऊन थांबली होती. तात्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, होत्या त्याच घड्यांवर पुन्हा घातला आणि पाव्हण्यांना परत दिला.

"पाव्हणं, मी स्लिपबॉय हाय. चिठ्ठ्या वाटतो."

"आवं, म्हंजी हाफिसातलंच की," मामा मध्ये पडले. "पोराला नीट लिवता आलं न्हाय, इतकंच."

"त्याला लिवता येतंय," तात्या म्हणाले. "म्हणून तर झालं."

पाव्हण्यांनी कागद खिशात घातला. आता हे उठणार, मी मनाशी म्हणालो. बहिणीचं पुढं काय होणार, हे मला सरळ दिसायला लागलं. फसवणूक करणारं घर, असा शिक्का घेऊन ती गोष्ट कळंबपासून भिगवणपर्यंत फिरली असती, आणि प्रत्येक गावात आमच्याच जातीचे चार पाव्हणे होते.

पण पाव्हणे उठले नाहीत. उलट पुढं सरकून बसले.

"मंग तर ब्येसच झालं," ते म्हणाले. "ऑफिसराचा कागूद फायलीत ऱ्हातोय. चिठ्ठी तुमच्या लोकांच्या हातात. आमच्या गटाचा स्लिपबॉय वळखीचा आसंल तुमच्या?"

"हाय. आमी बरूबरच लागलो कामाला."

"मंग त्याला सांगा की. हाय काय न्हाय काय."

मला एकदम हलकं वाटलं. खोटं पचलं होतं आणि वर कामही होणार होतं. मामांनी हसून पोह्यांची ताटली जवळ ओढली. मी मूर्खासारखा तात्यांकडं बघून हसलो आणि मग त्यांचा चेहरा पाहिला.

"लागणीची नोंद कवाची?" तात्यांनी विचारलं.

"ऑगस्टाची."

"म्हंजी जुलैवालं तुमच्या म्होरं हायती. त्यांस्नीबी तुरं आलं आसतील."

"आवं, पोरगी नांदणार तितला ऊस हाय ह्यो."

"हाय खरं," तात्या म्हणाले. "पर न्हाय जमायचं."

आई उंबऱ्यातून हळूच म्हणाली, "आवं, जरा इचार करून..." तात्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. पाव्हण्यांनी खिशातल्या कागदावर हात ठेवला आणि उठले.

"मंग तारखंचा आमीबी जरा इचार करतो," ते म्हणाले. ताटलीतले पोहे तसेच राहिले. मामा त्यांच्यामागं पायात चपला अडकवत धावले.

मी बोलणी खायच्या तयारीत उभा होतो. तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं.

"स्लिपबॉय लिवायची लाज वाटली व्हय तुला?"

मी त्या पहिल्या पाव्हण्यांची आठवण करून दिली, त्यांच्या हसण्याची.

"मलाबी आईकू आलं हुतं," तात्या म्हणाले. "मी हसलो न्हाय तर पाव्हण्यास्नी कसंनुसं झालं आसतं, म्हणून हसलो." आणि ते लुना काढून चिठ्ठ्या वाटायला गेले.

त्यानंतरचे दिवस घरात बोलणं कमी आणि भांड्यांचा आवाज जास्त होता. बहीण मला जेवायला वाढायची, पण ताटाकडं बघून. कळंबहून काही कळत नव्हतं. मामाही फिरकेनात. पाचव्या की सहाव्या दिवशी मी हात धूत होतो तेव्हा ती पाठीमागून म्हणाली, "तात्यांना सांग, एकदा शब्द टाकून बघा म्हणून. जुलैवाल्यांचं चार दिवसांनी काय बिघडणारंय?"

मी वळून पाहिलं. ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"तू सांग की," मी म्हणालो.

"कागद तू लिहिलास."

रात्रीची भाकरी झाल्यावर मी तात्यांना सांगितलं, तिचं नाव न घेता. त्यांना कोणाचं बोलणं आहे ते कळलं असणार. ते उठून अंथरूण घालायला गेले. रविवारी सकाळी मात्र स्वच्छ सदरा घालून दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "चल."

एस. टी. त आम्ही शेजारी बसलो होतो. ते बाहेर बघत होते. शेवटी मीच विचारलं, "तुमच्या त्या सोबत्याकडं, कळंबच्या स्लिपबॉयकडं जायचं का?"

"त्याच्याकडं काल जाऊन आलो."

म्हणजे तात्यांनी शब्द टाकला, मी समजलो. बहिणीचं लग्न होणार होतं, आणि मला आनंद होत नव्हता. या माणसाची वीस वर्षं मी एका ओळीच्या टायपिंगमध्ये संपवली होती.

कळंबला उतरल्यावर ते घराकडं न जाता विचारत विचारत थेट उसाकडं निघाले. पाव्हणे बांधावरच होते. आम्हाला बघून ते 'या' म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. तात्या उसात शिरले. चार सऱ्या आत गेले, पाचट बाजूला केलं, दोन-तीन ऊस मोडले, शेंड्याकडचं कांडं उभं फोडून बघितलं. बाहेर आले आणि ते कांडं पाव्हण्यांपुढं धरलं. आतला गर कापसासारखा पांढरा पडायला लागला होता.

"दशी पडाय लागलीया. पर अजून शेंड्यालाच हाय," तात्या म्हणाले. "खाली ऊस भरलेला हाय. शेजाऱ्याच्या हिरीचं एक पाणी मागून घ्या. म्हयनाभर दम काढंल."

"आन् म्हयन्यानं?"

"मी नोंदवही बघून आलो. तुमच्या म्होरं अकरा नंबर हायती. टोळ्या तीन. वीस-बावीस दिसांत तुमची चिठ्ठी यील. आदी न्हाय यायची."

पाव्हण्यांनी कांडं टाकून दिलं. "गेल्या साली आमच्या नंबराम्होरं चारजण घुसलं. पुढाऱ्याचं पाव्हणं. ऊस वाळून कोळसा झाला तवा टोळी आली."

"यंदा कुणी घुसायचं न्हाय. हितल्या स्लिपबॉयला तेवढंच सांगितलंय. घुसलं तर मला निरोप द्या, मी हितं यीन."

वारा सुटला होता आणि वरचे तुरे एका बाजूला झुकत होते. पाव्हण्यांनी मान वर करून त्या तुऱ्यांकडं पाहिलं.

"एवढ्यासाठी एस. टी. नं आला?" त्यांनी विचारलं.

"ऊस बघितल्याबिगर काय सांगणार?"

"च्या घ्या," पाव्हणे म्हणाले. चहा झाला, पण लग्नाचा शब्द कोणी काढला नाही. आम्हाला स्टँडवर सोडायला आले तेव्हा गाडी येताना बघून ते म्हणाले, "चिठ्ठी येऊ द्या. मंग बघू." आणि त्यात होकार होता की नकार, हे मी बारामती येईपर्यंत जोखत राहिलो.

विसावा दिवस गेला. एकविसावा गेला. आई दिवस मोजत नसल्यासारखं करत होती आणि रोज संध्याकाळी तात्यांच्या लुनाचा आवाज आला की दाराशी जात होती. बाविसाव्या दिवशी बहिणीनं सकाळपासून सगळ्या जुन्या गोधड्या धुवायला काढल्या. तेविसाव्या दिवशी तात्या पहिल्यांदाच जेवताना थांबले आणि म्हणाले, "उद्या मी जाऊन येतो तिकडं."

जावं लागलं नाही. त्याच दुपारी मामा आले. ओट्यावर बसून त्यांनी आधी टोपी काढली, पाणी मागितलं, सगळं पाणी प्यायले. आम्ही चौघं त्यांच्यासमोर उभे.

"काल सांच्याला चिठ्ठी आली," मामा म्हणाले. "आज सकाळच्या पारी टोळी फडात उतरली. पाव्हणं म्हणालं, आता तारीख धरायला कवाबी या."

आईनं पदर तोंडाला लावला. तात्या खाली बसले आणि तंबाखूची पिशवी चाचपू लागले. मी चुन्याची डबी त्यांच्यापुढं सरकवली.

बहिणीनं मामांच्या हातातलं रिकामं तांब्याभांडं घेतलं.

"मामा, टोळी किती कोयत्यांची हाय?"

"धा कोयत्यांची. म्हंजी इस माणसं."

ती क्षणभर मनात हिशेब करत उभी राहिली. "मग आठ दिवस लागतील फड मोकळा व्हायला," ती म्हणाली. "तारीख धरायला त्याच्या पुढच्या रविवारी जा. उसाच्या धांदलीत त्यांना बोलायला सुचायचं नाही."

आणि भांडं घेऊन ती आत गेली.