नंदिनीचा अर्ज

पाच वर्षांत नंदिनी खोब्रागडेने तीन समन्वयकांना काम शिकवलं. तिघंही काम शिकले आणि निघून गेले.

नंदिनी सिंदेवाहीची. आईवडील दोघंही तिथल्या धान संशोधन केंद्राच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, मजुरीला. पोरगी बी.ए. झाली आणि आलापल्लीच्या एका संस्थेत कार्यकर्ती म्हणून लागली. ग्रामसभांना आपल्या हक्काच्या जंगलाचे नकाशे आणि आराखडे करायला मदत करणं, हे संस्थेचं काम. गावं पेरमिलीच्या पुढची, बोली माडिया. नंदिनीला तिचं अक्षरही येत नव्हतं. लालसूभाऊ नावाच्या एका ग्रामसभेच्या अध्यक्षांनी तिला अंगणात बसवून शब्दन् शब्द शिकवला. पहिल्या वर्षी तिचं माडिया ऐकून बाया तोंडावर हात ठेवून हसायच्या. तिसऱ्या वर्षी त्याच बाया घरातली भांडणं तिच्याकडे घेऊन येऊ लागल्या.

तिसरा समन्वयक प्रफुल, नागपूरहून समाजकार्याची पदवी घेऊन आलेला. स्वभावाने गरीब. नंदिनीने त्याला आपल्या मोटरसायकलवर मागे बसवून बावीस गावं फिरवली. कोणाला आधी जोहार करायचा, कोणत्या घरी पाणी घेतल्याशिवाय उठायचं नाही, सगळं सांगितलं. मग नागपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. अहवाल कसा लिहायचा, प्रकल्प कसा आखायचा, असं बरंच काही. संस्थेला एकच जागा होती. प्रफुल गेला, छान फाइल घेऊन परत आला आणि चार महिन्यांनी त्याला दिल्लीला नोकरी लागली.

त्या आठवड्यात नंदिनी संस्थेच्या प्रमुखांच्या, गुणवंतरावांच्या खोलीत गेली.

"भाऊ, समन्वयकाच्या जागेसाठी मी अर्ज केला तं चालते का?"

गुणवंतरावांना तिचं कौतुक होतं, त्यात खोटं काही नव्हतं. "नंदिनी, तू ऑफिसात बसली तं गावात कोण जाईन? तुह्यासारखं गाव कोणाले समजते?"

"म्हणजे काम चांगलं करते म्हणून तिथीच राहू?"

"तसं नाई. पण अहवाल लागते, प्रस्ताव लागते, कॉम्प्युटरवर तक्ते लागते. इंग्रजीत पत्र आलं तं उत्तर लागते."

"काय काय लागते ते कागदावर लिहून द्या," ती म्हणाली.

त्यांनी हसत हसत लिहून दिलं. नंदिनी हसली नाही. तिने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

दिवाळीच्या आठ दिवसांच्या सुटीत ती घरी दोनच दिवस राहिली. बाकीचे सहा दिवस ऊर्जानगरला, मामेभाऊ अंकुशच्या क्वार्टरमध्ये. अंकुश वीज केंद्रातल्या एका कंत्राटदाराच्या कार्यालयात कॉम्प्युटर चालवायचा. सकाळी कंपनीच्या बसने जाण्याआधी तो तिला धडा द्यायचा आणि आल्यावर तपासायचा. तिने बावीस गावांचा तक्ता केला, मोडला, पुन्हा केला. जाताना अंकुशने तिच्या फोनमध्ये अहवाल आणि प्रकल्प शिकवणारे, फुकट मिळणारे चाळीसेक व्हिडिओ भरून दिले, कारण पेरमिलीच्या पुढे नेटवर्क झाडावर चढूनही मिळत नव्हतं.

व्हिडिओ इंग्रजीत होते. बोलणारे भराभर बोलायचे. 'आउटपुट' आणि 'आउटकम' यांत फरक काय, हे तिला दहा वेळा ऐकूनही कळेना. चिडून तिने फोन बंद केला आणि दोन दिवस हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी लालसूभाऊंच्या गावात बैठक होती. नेहमी नकाशा ती काढायची. त्या दिवशी तिला पोचायला उशीर झाला. येऊन बघते तर गावकऱ्यांनी राख आणि कोळशाने जमिनीवर नकाशा काढलेला. नाला, देवाची जागा, बांबूचं बन, सगळं बरोबर. लालसूभाऊ म्हणाले, "तू नोको काढू आता. आमाले येते." नंदिनी तिथेच उकिडवी बसली. पंधरा बैठका घेतल्या, ते आपलं काम. गावाला आपला नकाशा आपण काढता आला, तो बदल. व्हिडिओतला माणूस एवढंच सांगत होता.

मग तिने एक रीत धरली. एक व्हिडिओ समजला की त्याचा अर्थ आपल्या कामातलं उदाहरण देऊन मराठीत बोलायचा, पाच मिनिटांत, आणि फोनमध्ये साठवायचा. आलापल्लीतल्याच एका आरोग्याच्या संस्थेतल्या रीनाने असा एक साठवलेला तुकडा ऐकला. तिने शाळांसोबत काम करणाऱ्या सुरजला पाठवला. दोघांचीही अडचण तीच होती. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तिघं आलापल्लीत रीनाच्या खोलीवर बसू लागली. एकाने लिहिलेला अहवाल दुसऱ्याने वाचायचा आणि न लाजता चुका काढायच्या. सुरज फार लाजायचा. रीना अजिबात नाही. "हे काय लिवलं? 'चांगला प्रतिसाद मिळाला.' कोणाचा? किती जणींचा? काऊन?" नंदिनीचं पान तिने चार वेळा परत केलं. नंदिनीने ते पाचव्यांदा लिहिलं.

समन्वयकाची जागा अजून रिकामीच होती, तेवढ्यात निधी देणाऱ्या संस्थेच्या एक बाई पुण्याहून काम बघायला आल्या. माहिती द्यायला कोणी नाही, म्हणून गुणवंतरावांनी नंदिनीला उभं केलं. लालसूभाऊंच्या गावातच, समाजमंदिरात.

तिने तक्ता दाखवला. कोणत्या गावात काय बदललं ते सांगितलं. मग म्हणाली, "आता जे फसलं ते सांगते." गुणवंतराव खुर्चीत सरळ झाले.

"बायांच्या बैठका दोन वर्षं फसल्या. आम्ही उन्हाळ्यात सकाळी आठला बैठक ठेवायचो. त्या वेळी बाया मोहफुलं वेचायला गेलेल्या असतात. आम्ही अहवालात लिहिलं, महिलांचा प्रतिसाद कमी. प्रतिसाद कमी नव्हता, आमची वेळ चुकीची होती. यंदा दुपारी, बोअरिंगच्या हातपंपाजवळच्या सावलीत बसलो. अकरा जणी यायच्या, आता पस्तीसच्या वर येतात."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "हे दोन वर्षं अहवालात का नव्हतं?"

"अहवाल लिहिणाऱ्यांनी मला विचारलं नाही," नंदिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. "आणि मला लिहिता येत नव्हतं. आता येतं."

परतताना आलापल्लीच्या चहाच्या टपरीवर जीपमधून उतरल्यावर गुणवंतरावांनी विचारलं, "माह्यावर राग होता का तुह्या?"

"होता. तुमच्यावर कमी, माह्यावर जास्त. पाच वर्षं मी मागितलंच नाई." तिने कप खाली ठेवला. "भाऊ, मले मेहेरबानी नोको. बाकीच्यांचा अर्ज जसा वाचता, तसा माह्या वाचा."

मुलाखतीला पाच उमेदवार होते. निवड समितीच्या एका सदस्याने तिला इंग्रजीत प्रश्न विचारला. प्रश्न समजला, उत्तर मराठीत देते, असं तिने सांगितलं आणि दिलं. आठ दिवसांनी पत्र आलं. निवड झाली होती, पण सहा महिन्यांच्या अजमावणीवर. इंग्रजी पत्रव्यवहाराबाबत शंका असल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते वाचून तिला वाईट वाटलं. मग तिने रोज एक पत्र इंग्रजीत लिहून अंकुशला पाठवायला सुरुवात केली. सहा महिने संपले तेव्हा शंकेचा विषय कोणी काढला नाही.

समन्वयक म्हणून पहिल्याच बैठकीत तिने एक मागणी ठेवली: प्रत्येक कार्यकर्त्याला महिन्यातून दोन दिवस शिकायला द्यायचे, आणि बाहेरच्या प्रशिक्षणाची पहिली जागा गावात फिरणाऱ्याला. दोन दिवसांवरून बराच वाद झाला. शेवटी गुणवंतराव म्हणाले, "दीड दिवस." ती म्हणाली, "दोन." दोन ठरले.

रविवारच्या बैठकीला आता अठरा जण येतात, म्हणून खोली सोडून ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसतात. गेल्या महिन्यात सुरजने पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभं राहून आपला प्रस्ताव वाचला. नंदिनीने त्यात सहा चुका काढल्या, आणि पुढच्या बैठकीला तो दुरुस्त करून आणायला सांगितलं.