सिम्फनी कुडव्यात वाजली

गोंदियाच्या फलाटावरून गाडी हलली तेव्हा बाबूजी खिडकीबरोबर चालत होते. "फुकतानी घाबरजो नोको. चुकलं त जोरानं चुकजो!" ते ओरडले, आणि डब्यातले लोक हसले. मी नुकतीच बारावी झालेली, मांडीवर ट्रंपेट घेऊन पाश्चात्त्य संगीत शिकायला पुण्याला निघालेली. बाबूजी धान पिकवायचे आणि लगीनसराईत स्वतःची बँडपार्टी चालवायचे. वाजवायला मला त्यांनीच शिकवलं, तेही कानानं. कागदावरचे स्वर पुण्यात कळले.

सहा-सात वर्षांनी मी तिथल्याच एका ब्रास बँडमध्ये होते. अकरा जण, सगळी पितळी फुंकवाद्यं. एका जर्मन सिम्फनीचा संथ भाग आमच्यासाठी बसवायचं काम बँडच्या सरांनी माझ्यावर टाकलं. मूळ रचना साठ-सत्तर वादकांची! मी हरखून गेले. दोन महिने रोज भात करपवला, पण व्हायोलिनचे स्वर एका ट्रंपेटला दिले, चेलोचे ट्रॉम्बोनला. पहिल्याच तालमीत सगळं कोसळलं. व्हायोलिनच्या गजाला दम लागत नाही. आमचा ट्रंपेटवाला मात्र लालबुंद होऊन मध्येच थांबला. सर म्हणाले, "आठवडा देतो. नाहीतर दुसरं काहीतरी वाजवू."

मी बाबूजींना फोन लावला.

"एकाच मानसाले काऊन मारून राहिली?" ते म्हणाले. "वरातीत आमी का करतो? माहा दम सरला का तुहा काका त्याच सुरात घुसते. आयकनाऱ्याले मालूम बी नाही पडत."

लहानपणापासून हे कानांवर पडत होतं, आणि मला सुचलं नव्हतं! त्याच आठवड्यात मी ती धून दोन ट्रंपेटांत वाटली, सांध्यावरचा स्वर दोघांनाही दिला. पुढच्या तालमीत ती न तुटता वाहत राहिली. माझ्या अंगावर काटा आला.

सुट्टीत ती धून घेऊन मी कुडव्याला, गोंदियाजवळच्या आमच्या गावी गेले. बाबूजींच्या बँडमध्ये कोणालाच कागद वाचता येत नव्हता, म्हणून प्रत्येकाला त्याचा भाग गाऊन शिकवला.

"हे कोन्या वक्ताले वाजवाचं?" काकांनी विचारलं.

"बिदाईले," बाबूजी म्हणाले.

आणि वाजली! शेजारच्या मुलीच्या बिदाईला. नवरी रडायची थांबून ऐकत राहिली. बँडमध्ये बाई उभी राहिलेली कुडव्यानं तोवर पाहिली नव्हती; मी बाबूजींच्या उजव्या हाताला होते, त्यांच्यासारखाच लाल कोट घालून.

गाव सोडलेल्यांनो, तुम्हाला विचारतात तसं मलाही इथं पुण्यात विचारतात, घर कुठं? कुडवा, मी सांगते. पूर्वी जन्म तिथला म्हणून सांगायची. आता तिथल्या बँडच्या पहिल्या ओळीत माझी जागा आहे.