पुरवणी न लावता

"किती पुरवण्या लावल्यास?" ओव्हाळ सरांनी दारातच विचारलं. माझी चप्पलही अजून काढून झाली नव्हती.

प्राध्यापक जनार्दन ओव्हाळ. आयुष्यात मी सर्वांत जास्त ज्यांचं देणं लागतो ते हे सर. शिरूरच्या कॉलेजात त्यांनी मला तीन वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. ते राहायचे दौंडला, रेल्वे क्वार्टरमध्ये, कारण काकू रेल्वेच्या अकाउंट्स ऑफिसात होत्या. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला होतो. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि पहिल्या टेस्टचा तपासलेला पेपर माझ्या पिशवीत होता.

"पाच," मी म्हणालो.

"शाब्बास! मार्क किती?"

"अकरा, सर."

"कितीपैकी?"

"शंभर."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, त्याला आधी आत तरी येऊ द्या. अकरा काय पळून जाणार आहेत?"

पुरवणीचं थोडं सांगायला हवं. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका भरली की हात वर करून जादा पानं मागायची आणि ती दोऱ्यानं मागे बांधायची. सरांचा नियम होता की निदान तीन तरी लागल्याच पाहिजेत. प्रस्तावना, व्याख्या, गृहीतकं, आकृती पेन्सिलीनं, गुण, दोष, निष्कर्ष. गठ्ठ्यावर गठ्ठे तपासणाऱ्या परीक्षकाला भरलेलं पान आवडतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांचं बरोबरच होतं. याच पद्धतीनं मी बी.ए., एम.ए. फर्स्ट क्लासमध्ये झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं गेट ओलांडलं नव्हतं.

लोकांना वाटतं, पीएच.डी. म्हणजे एक विषय घ्यायचा आणि जाडजूड प्रबंध लिहायचा. ते नंतर. आमच्याकडे पहिलं वर्ष वर्गात बसायचं असे. मायक्रो, मॅक्रो, गणित. मायक्रो म्हणजे एकेकट्या माणसाचा आणि बाजाराचा अभ्यास, पण सगळा गणितातून. वर्षाच्या शेवटी क्वालिफायर नावाची परीक्षा. संधी एकच. पास झालात तर संशोधन करायचं, नाहीतर एम.फिल.चा कागद घेऊन घरी.

घरी म्हणजे मांडवगण फराट्याला. रांजणगावच्या एका कंपनीत मी टाइम ऑफिसात क्लार्क होतो, पर्मनंट व्हायची वेळ आली होती, आणि ती नोकरी सोडून मी पुन्हा वर्गात बसलो होतो. आमचे आबा तेव्हा म्हणाले होते, "लोकं कंपनीत चिकटाया बघत्यात, आन् ह्यो सुटाया बघतोय." त्यांना समजवायला सर स्वतः आमच्या घरी आले होते. ओट्यावर बसून म्हणाले होते, "मी सांगतो ना. हा होणार." मी नापास झालो असतो तर माझ्या नोकरीबरोबर सरांचा शब्दही गेला असता.

सरांनी पेपर मागितला. दोनदा वाचला. प्रश्न एका ओळीचा होता: अमुक विधान खरं असेल तर सिद्ध करा, खोटं असेल तर उदाहरण देऊन मोडा. मी उपभोक्त्याच्या व्याख्येपासून सुरुवात केली होती आणि सिद्धान्ताच्या मर्यादांवर संपवलं होतं. शेवटच्या पानावर राव मॅडमनी लाल पेनानं विचारलं होतं, 'व्हेअर इज द आन्सर?'

राव मॅडम आम्हाला मायक्रो शिकवायच्या. बोलणं इंग्रजीत, मी इथे मराठीत देतो. पेपर देताना त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"हे सगळं पुस्तकातलं आहे."

"हो, मॅडम."

"शब्द न् शब्द."

"हो, मॅडम." मला वाटलं, कौतुक चाललंय.

"मग नुसता पान नंबर लिहायचा. मी पुस्तक उघडून वाचलं असतं."

हे सरांना सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मी शिकवलं ते चुकलं म्हण की."

"नाही, सर."

"नाही काय? अकरा बघ ना." पुन्हा पेपर हातात घेतला. "अशोक, खरं सांगू? हे मला येत नाही. आमच्या वेळी एम.ए.ला एवढं गणितच नव्हतं. यातलं तुला मी काहीही शिकवू शकत नाही."

मी पेपर परत घ्यायला हात पुढे केला.

"पण तू मला शिकव," सर म्हणाले. "दर रविवारी ये. आठवड्यात जे झालं असेल ते मला शिकवायचं. मला कळलं तर तुला कळलं असं समजू."

क्वार्टरची भिंत काळी करता येत नाही, म्हणून सरांनी प्लायवूडच्या तुकड्याला काळा ऑइलपेंट मारून फळा केला. तो खुर्चीवर उभा केला. समोर स्टूल टाकून सर वही-पेन घेऊन बसले. मी खडू उचलला आणि पाठ केलेलं घडाघडा बोलू लागलो. "समजा, एक उपभोक्ता आहे..."

"थांब. का समजायचं?"

"सर, तसं गृहीत धरतात."

"कोण धरतात? नाही धरलं तर काय बिघडेल?"

पहिल्या रविवारी फळ्यावरच्या चार ओळींपुढे आम्ही गेलो नाही. परतीच्या गाडीत मला सरांचा राग आला होता, हेही लिहून ठेवतो. कॉलेजात सर प्रश्न घ्यायचे नाहीत. "शेवटी विचारा," म्हणायचे आणि शेवटी बेल व्हायची. आणि आता वाक्यागणिक हात वर.

डिसेंबरात मी बाजाराचा समतोल शिकवत होतो. म्हणजे कुठल्या भावाला मागणी आणि पुरवठा जुळतात ते. पुस्तकात असं असतं की गिऱ्हाईक आणि विकणारा, दोघंही भाव आहे तसा मान्य करतात. एकट्यादुकट्याच्या करण्यानं भाव हलत नाही.

सरांचा हात वर झाला. "सगळेच भाव मान्य करतात?"

"हो."

"मग भाव लावतो कोण?"

"बाजार, सर."

"बाजार म्हणजे कोण? तुझ्या आबांचा कांदा मार्केटात जातो, तिथं अडत्या असतो. बोली लावतो, ओरडतो, शिव्या खातो. तुझ्या पुस्तकात अडत्या कुठंय?"

मी फळ्याकडे पाहिलं. अडत्या नव्हता. पुढे बरंच शिकवायचं होतं. तोंडातून निघून गेलं, "सर, हे परीक्षेत येणार नाही."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "हे वाक्य कुणाचं?"

"तुमचं," मी म्हणालो. दुसऱ्या वर्षाला मी त्यांना काहीतरी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी मला हेच सांगून खाली बसवलं होतं.

"आत्ता का म्हणालास?"

"कारण मला उत्तर येत नाही."

"मीपण त्याच्यासाठीच म्हणायचो," सर म्हणाले आणि वहीत प्रश्न लिहून घेतला. "चल पुढं. पण हा माझा राहिला."

त्या दिवसापासून माझा राग गेला. अडलं की मी सरळ सांगू लागलो, इथं मला येत नाही. पुण्यात राव मॅडमच्या वर्गातही एकदा हात वर केला आणि म्हणालो, "मॅडम, ही ओळ कुठून आली?" वर्गातली दिल्ली-मुंबईची मुलं वळून बघू लागली. मॅडमनी फळा पुसला आणि सगळं पुन्हा केलं. त्यांचंही एक चिन्ह चुकलं होतं.

मार्चमध्ये घरी गेलो, तर आबा वाटच बघत होते.

"कंपनीचा निरोप आलाय. टाइम ऑफिसातली जागा रिकामी हाय म्हणं अजून. सायेब इचारतोय, येतो का?"

"नको, आबा."

"आन् परीक्षेत न्हाई झालं तर मंग?"

"होईल."

"सर काय म्हणत्यात?"

"ते म्हणतात, अजून नीट कळलं नाही."

"तुला?"

"त्यांना."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सरांना कळंना, आन् तू पास व्हनार?"

"व्हय," मी म्हणालो. मला खरोखर तसं वाटत होतं. आबांनी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून निरोप पाठवला.

एप्रिलमध्ये आम्ही आमच्या विषयातल्या सगळ्यात नावाजलेल्या प्रमेयाशी पोचलो. साध्या शब्दांत ते असं: प्रत्येक जण आपापल्या फायद्याचं बघून देवघेव करत गेला, की शेवटी अशी स्थिती येते, जिथे एकाचं नुकसान केल्याशिवाय दुसऱ्याचं भलं करता येत नाही. याला एक गृहीतक लागतं. माणसाचं समाधान कधी पुरं होत नाही. आहे त्याहून जरा बरं असं काहीतरी कायम उरतंच. प्रूफ दीड पानाचं. मला तोंडपाठ. सरांनी तीन शंका काढल्या, तिन्हींची उत्तरं मी दिली. मग आम्ही जेवायला बसलो.

काकूंनी श्रीखंड केलं होतं. आम्हा दोघांना वाढत होत्या. सरांची वाटी त्यांनी तिसऱ्यांदा भरली.

"अगं, बास! आता हे असलं काय आन् नसलं काय, मला सारखंच."

एवढं बोलून सर थांबले. "अशोक, तुझ्या त्या माणसाला कधी बास होतच नाही ना?"

"नाही, सर."

"मला तर झालं. मग प्रमेय माझ्यासकट खरं, का मला वगळून?"

प्रूफ पाठ होतं, पण ते गृहीतक नेमकं कुठल्या ओळीत वापरलंय यावर मला बोट ठेवता येईना. हात धुऊन फळ्याशी गेलो. एकेक ओळ वाचली. सापडली.

"ही ओळ, सर. तुम्ही असाल तर ही ओळ उभी राहत नाही."

"आणि पुढचं?"

"पुढचं सगळं पडतं."

"म्हणजे माझी वाटी इथं भरलेली, मला तिचा उपयोग नाही, मी ती कुणाला देत नाही, आणि तरी तुझा बाजार म्हणतो सगळं ठीक?"

"द्या ती इकडं," काकू म्हणाल्या. "मी अजून जेवलेच नाहीये. तुमचं प्रमेय होईस्तोवर उपाशी राहायचं का मी?"

क्वालिफायर जूनमध्ये झाली. मायक्रोच्या पेपरात चार प्रश्न होते. पहिला मला आला. दुसऱ्याचा पहिला भाग आला, दुसरा नाही. तिसरा असा होता: वरच्या प्रमेयातलं समाधानाचं गृहीतक काढून टाकलं, तर प्रमेय टिकतं का? टिकत असेल तर सिद्ध करा, नाहीतर उदाहरण द्या.

मी लिहिलं, टिकत नाही. दोन माणसं घेतली, 'जे' आणि 'के'. वस्तू एकच. 'जे'कडे त्याला पुरून उरेल इतकी. उरलेल्याचा त्याला काही उपयोग नाही, पण देऊन टाकण्याचं कारणही नाही. 'के'कडे थोडीच, तिला आणखी हवी. भाव कितीही असो, दोघंही आपापल्या जागी आहेत, बाजार समतोलात आहे. तरी 'जे'कडचं जादा 'के'ला दिलं तर 'जे'चं काही जात नाही आणि 'के'चं भलं होतं. सहा-सात ओळींत संपलं.

चौथा प्रश्न मला येत नव्हता. हात सवयीनं व्याख्या लिहायला निघाला होता, तो आवरला. पान कोरं ठेवलं. सबंध वर्षात मला सगळ्यात जड गेलेलं काम हेच. सुपरवायझर पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याशेजारी थांबला.

"सप्लिमेंट?"

"नको."

निकाल लागला तेव्हा राव मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. पेपर समोर होता. "पास आहात. चौथा कोरा का?"

"येत नव्हता, मॅडम."

"ठीक. तिसरा सगळ्यात छोटा तुमचा आहे. हा पोट भरलेला 'जे' कुठून आणलात?"

"दौंडहून, मॅडम."

त्यांना काही कळलं नाही. मीही समजावलं नाही.

आता मी स्वतः शिकवतो, पेपर तपासतो. लांबलचक उत्तर दिसलं की आधी शेवट बघतो; बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला उत्तर माहीत नसतं. मुलांना एवढंच सांगतो की धडा आपल्याला आलाय की नाही हे बघायचं असेल, तर तो ज्याला येत नाही आणि जो आपल्याला भीत नाही अशा माणसाला शिकवून बघा. असा माणूस मिळणं अवघड असतं. मला मिळाला होता.

पूर्वी मी सरांना पत्र लिहायचो ते चार-चार पानी, पहिलं पान नुसतं वंदन आणि ख्यालीखुशालीचं. निकालाच्या त्या संध्याकाळी मात्र पोस्टकार्ड घेतलं.

आदरणीय सर,

सप्रेम जयभीम. पास झालो. एक प्रश्न कोरा ठेवला. पुरवणी लावली नाही.

पेपरातले 'जे' आणि 'के' म्हणजे कोण, ते रविवारी सांगतो. काकूंना आधीच सांगू नका. आबांना मी स्वतः सांगेन, पण तुमचा शब्द राहिला एवढं तुम्ही त्यांना भेटाल तेव्हा सांगा.

भाव लावतो कोण, हा तुमचा प्रश्न राहिलाय. मी पुस्तकं बघितली. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, याचं समाधानकारक उत्तर त्यांनाही माहीत नाही. प्रबंध त्यावरच करायचा ठरवलं आहे.

फळा पुसू नका.

तुमचा विद्यार्थी,
अशोक