चूल पेटेपर्यंत कॅमेरा चालू

मी पत्रकांवर वाढले. घरात पुस्तकं नव्हती, पण मोर्च्यांची पत्रकं होती, पिवळी, गुलाबी, शाई बोटांना लागणारी. बाबा ती पाड्यापाड्यांवर वाटायचे आणि उरलेली माझ्या हाती यायची. मी वाचायला त्यांवरच शिकले. तेव्हापासून एक खोड आहे. अन्याय दिसला की तो चारचौघांना दिसेल अशा जागी चिकटवायचा.

गेल्या वर्षीचं वादळ मात्र कुठेच चिकटलं नाही. बातम्यांचे कॅमेरे किनाऱ्यावर गेले. वारा घाट चढून सूर्यमाळच्या डोंगराच्या अंगाला आमच्या पाड्यावरही आला आणि त्यानं माझ्या आत्याचं घर पाडलं, हे कोणाला कळलं नाही. आमच्याकडे रीत अशी की कोणाचं घर पडलं तर दुसऱ्या सकाळी अख्खा पाडा तिथे जातो. कोणी कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या आणतं, कोणी बांबू, कोणी पेंढा. संध्याकाळी त्या घरात चूल पेटलीच पाहिजे. आत्याचीही पेटली. काही दिवसांनी तलाठी पंचनाम्याला आले, उभ्या घराकडे बघून म्हणाले, "इथे कुठे काय पडलंय?" आणि निघून गेले.

सरकारी मदत हुकली त्याचं आत्याला फार वाटलं नाही. "मला लबाड ठरवून गेला तो," एवढंच ती वर्षभर म्हणत राहिली.

त्या हिवाळ्यात जव्हारला कॉलेजच्या खोलीवर मी फोनवर एक जुनं चित्रीकरण पाहिलं. चलच्चित्रं नुकती निघाली होती तेव्हाचं, दूरच्या देशातल्या समुद्रकाठच्या एका शहराचं. वादळानं ते शहर मोडून टाकलं होतं. आवाज नाही, रंग नाही. कॅमेरा संथपणे सरकतो आणि लाकडांचा ढीग संपतच नाही. ढिगावर माणसं काठ्यांनी काहीतरी शोधतायत. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. शंभर वर्षं उलटली तरी त्या शहराला कोणी "इथे कुठे काय पडलंय" म्हणू शकत नाही. का? कोणीतरी ढीग उचलायच्या आधी तिथे पोचलं होतं.

यंदा पावसाच्या तोंडावर पुन्हा तसाच वारा आला. आत्याचं घर पुन्हा आडवं झालं. सकाळी मी पोचले तेव्हा माणसं कारवीच्या मोळ्या घेऊन उभीच होती.

"थांबा! कोणी हात लावायचा नाही. तलाठी येईपर्यंत असंच राहू दे," मी फोन काढत ओरडले.

"आणि तोवर आत्या काय तुझ्या फोनमध्ये निजंल?" शेजारचा काका म्हणाला. सगळे हसले.

"आली पुढारीणबाई," आत्या म्हणाली. "माझी चूल आज पेटायची. तुझा तलाठी उद्या येवो, नाय तर दिवाळीला."

मी फोनवर ते जुनं चित्रीकरण लावलं. सगळे वाकून बघू लागले. हसणं थांबलं. काकानं मोळी खाली ठेवली. "काढ बिगीबिगी," तो म्हणाला.

मी तसंच काढलं, सावकाश, मधे न थांबता. मोडलेला कूड, कौलांचा चुरा, आणि मातीत आडवी पडलेली मेढ, छपराचा सगळा भार पेलणारा तो मधला खांब. चुलीच्या धुरानं एका अंगानं काळा पडलेला. आत्याला ढिगावर उभं केलं. "बोल, हे कोणाचं घर?"

"माझं. दुसऱ्या कोणाचं? अन् काल रातच्याला पडलं."

मी फोन खिशात घातला. ती ढिगावरून उतरलीच नाही.

"बंद का केलंस?"

"पडलेलं झालं की काढून."

"तेवढंच दाखवशील? मग लोक म्हणतील, पडलं अन् ही बसली कपाळाला हात लावून. त्या तुझ्या शहरातल्या माणसांचं बघ. त्यांनी परत घरं बांधली का नाय? चुली कधी पेटवल्या? काय कळतंय त्यात?"

काहीच कळत नव्हतं. मी फोन पुन्हा बाहेर काढला. मेढ उचलताना काढलं, कूड विणताना काढलं, कौलं कमी पडली तिथे पेंढा चढला तेही काढलं. काका प्रत्येक वेळी मुद्दाम कॅमेऱ्यासमोरून जायचा. शेवटी चुलीतून धूर निघाला आणि आत्यानं फुंकणी माझ्याकडे रोखून म्हटलं, "आता कर बंद."

तलाठी आले. तेच. घर उभं. मी त्यांना ढिगाचं चित्रीकरण दाखवलं.

"ताई, ढीग कोणाचाही असतो," ते म्हणाले.

"पुढचं बघा."

ते बघत राहिले. मातीत पडलेली मेढ, खांद्यांवर चढलेली मेढ, खड्ड्यात रोवलेली मेढ. मग ते वाकून आत गेले. मेढ समोरच होती, काळी बाजू चुलीकडे. त्यांनी तिच्यावर हात ठेवला, बाहेर येऊन खाटेवर बसले आणि पंचनामा लिहायला घेतला.

"घर पूर्ण पडले होते, असं लिहितो," ते म्हणाले.

"लिहा," आत्या म्हणाली. "अन् उभं कोणी केलं तेपण लिहा."

"त्याला रकाना नाही, मावशी."

"नसू दे," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "ते हिच्याकडं हाय." आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.