मेमरी कोण खातंय?

"परत एकदा ती पेटी थांबली ना, तर ते चौघं माल काढून घेऊन जातील. मग मी काय रिकाम्या खोल्या थंड करत बसू?"

फोन स्पीकरवर होता. बोलत होत्या मनीषाताई. अर्नाळ्याच्या रस्त्याला त्यांचं शीतगृह आहे. गावातल्या बोटवाल्यांची पापलेट, सुरमई, घोळ तिथे राहते. फोनच्या अलीकडे आम्ही तिघं होतो: कंपनीचे मालक पाटील सर, आमचा प्रोग्रामर आशिष आणि मी. शीतगृहाचा कंप्रेसर चालू-बंद करणारी पेटी आमच्या कंपनीची होती.

मी ऑपरेटिंग सिस्टिमचं काम करते. गास या माझ्या गावी, घरी कोणी विचारलं की सांगते, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनमधली घर चालवणारी बाई. कोणाला किती जागा द्यायची, कोणाची पाळी आधी, कोणाला गप्प बसवायचं, सगळं तिच्या हातात. तिचा गाभा म्हणजे कर्नल. गेली वीसेक वर्षं मी या कर्नलशी भांडते आहे आणि बहुतेक वेळा जिंकते.

आमच्या पेटीत तीन प्रोग्राम चालतात. एक तापमान बघून कंप्रेसर चालवतो. दुसरा स्क्रीनवर तापमानाचा रंगीत ग्राफ काढतो. तिसरा, तापमान चढलं की मालकाच्या मोबाइलवर SMS पाठवतो. हा आम्ही बाहेरच्या एका कंपनीकडून घेतलेला. तिघांत मिळून मेमरी एकच. त्यातला कोणीतरी मेमरी मागून घेत होता आणि काम झाल्यावर परत करत नव्हता. शेजारीण आज वाटी नेते, उद्या पातेलं नेते, आपल्या लक्षात येत नाही, आणि पाहुणे आले की मांडणी रिकामी, तशातली गत. आमच्या भाषेत याला मेमरी लीक म्हणतात. मेमरी पूर्ण संपली की पेटी गोठते आणि कंप्रेसर त्या क्षणी ज्या अवस्थेत असेल तसाच राहतो.

मागच्या वेळी तो बंद अवस्थेत राहिला. एका बोटीची सुरमई मऊ पडली. तो बोटवाला मनीषाताईंना एक शब्द बोलला नाही, उरलेला माल उचलून सरळ दुसरीकडे घेऊन गेला. बाकीचे चौघे आता बघत होते. ते गेले तर शीतगृहाला कुलूप लागणार होतं.

पाटील सर फोनच्या दिशेने वाकले. "ताई, प्रॉब्लेम SMSवाल्यांचा आहे. आम्ही त्यांना मेल टाकलाय. तोपर्यंत रोज सकाळी पेटी बंद करून चालू करा."

"ते मी करतेच. पन ज्या दिवशी माल जास्त, त्याच दिवशी बरोबर थांबते."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "सर, SMSवाले कशावरून?"

"मग काय आपला कोड खराब आहे?"

आपला तो बाब्या. पुढची म्हण मी मनात पुरी केली.

खरं म्हणजे कोणालाच काही माहीत नव्हतं. ऑफिसात तीच पेटी खुशाल चालायची. अर्नाळ्यात जाऊन रुसायची. शीतगृहाच्या जाड भिंतींत इंटरनेट धड मिळत नाही, त्यामुळे इथून तिच्यात डोकावता येत नव्हतं. कोणता प्रोग्राम किती मेमरी धरून बसलाय ते तिथेच बघायला हवं होतं, आणि तिथे बघणार होत्या मनीषाताई. त्या बी.कॉम. झालेल्या, लॅपटॉपवर बिलं करणाऱ्या, आणि अंगात हिशेबी शहाणपण भरपूर.

"डॅशबोर्ड बनवू," पाटील सर म्हणाले. "गोल काटे, लाल-हिरवा रंग. क्लायंटला रंग आवडतात."

"डॅशबोर्डलाही मेमरी लागते, सर. आजाऱ्याला बघायला जाऊन त्याचीच पेज पिऊन यायची का?"

ते हसले नाहीत, पण काय म्हणतेस ते सांग म्हणाले.

मी सांगितलं की फायली देऊ. कर्नलची ही जुनी आणि सुंदर सोय आहे. बाहेरून ती साधी फाइल दिसते, पण डिस्कवर ती कुठेच नसते. तुम्ही ती उघडता तेव्हा कर्नल त्या क्षणीचा आकडा त्यात लिहून तुमच्या हातात देतो. बंद केलीत की ती नाहीशी. आणि तुम्ही त्या फायलीत काही लिहून सेव्ह केलंत, तर तो कर्नलला दिलेला हुकूम होतो. लॅपटॉपला केबल जोडली की पेन ड्राइव्हसारखा एक फोल्डर दिसेल. वेगळं सॉफ्टवेअर नको, शिकवणी नको.

आशिषने पहिला आराखडा केला. एकच फाइल, तीत एकच ओळ, ओळीत नऊ आकडे. मला त्याने अभिमानाने दाखवला.

"यातला पाचवा आकडा काय?" मी विचारलं.

"दुसऱ्या प्रोग्रामचा पीक, म्हणजे सगळ्यांत जास्त वापर."

"कशात?"

"पेजेसमध्ये. कर्नल पेजमध्येच मोजतो ना." पेज म्हणजे मेमरीचा छोटा ठरावीक तुकडा.

"कर्नलला पेज कळतं. मनीषाताईंना MB कळतं, कारण त्या मोबाइलचं रिचार्ज मारतात. आणि उद्या तू मध्येच एक आकडा वाढवलास की पाचव्याचा सहावा होणार. तेव्हा त्यांनी काय करायचं?"

"मॅडम, प्रोफेशनल लोक असंच करतात."

"माहीत आहे. मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. त्यांनाही पाचवा आकडा आठवायचा नाही."

मग माझ्या पद्धतीने झालं. प्रत्येक प्रोग्रामचा एक फोल्डर, नाव त्याच्या कामाचं: कंप्रेसर, स्क्रीन, SMS. प्रत्येकात तीन फायली. 'वापर' म्हणजे आत्ता किती मेमरी धरली आहे. 'उच्चांक' म्हणजे सगळ्यांत जास्त किती धरली होती. 'मर्यादा' मात्र आपण लिहायची. प्रोग्रामने ती ओलांडली की कर्नल फक्त त्यालाच बाहेर काढतो आणि तो रिकाम्या हाताने नव्याने सुरू होतो. बाकीचे दोघे चालूच राहतात. एका फायलीत एकच गोष्ट, पुढे MB लिहिलेलं. नावं मराठीत ठेवली तेव्हा आशिषने भुवया उंचावल्या. मी त्याला त्या खाली घ्यायला सांगितलं.

मी स्वतः अर्नाळ्याला जाऊन पेटी बदलून आले. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आणि आत कडकडीत थंडी. मनीषाताईंनी मला स्वतःचा स्वेटर दिला. मी फोल्डर उघडून दाखवला, दोन-तीन फायली उघडल्या, आकडे दिसले. रोज त्या कॉपी करून पाठवा, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मी खुशीत परत आले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"ग्लॅडिस मॅडम, तुमच्या फायली रिकाम्या हायेत."

"रिकाम्या कशा असतील? उघडून बघितल्यात?"

"उघडायचं कशाला? समोर लिवलंय ना, झिरो KB. तुम्ही सांगितलंत रोज कॉपी करून पाठवा, म्हणून कॉपी केल्या. पेन ड्राइव्हवर पन झिरो. आमच्या बिलाची फाइल अशी झिरो झाली का मुलगा बोलतो, करप्ट झाली, डिलीट मार. मी डिलीट मारायला गेले तर होत पन नाही."

कर्नल माणसांना एवढं ओळखतो, हे एक बरं.

चूक त्यांची नव्हती. फाइल उघडण्याआधी तिच्यात काहीच नसतं, म्हणून कर्नल प्रामाणिकपणे आकार शून्य सांगतो. आम्हा लोकांना त्याची इतकी सवय झालेली असते की तो शून्य आम्हाला दिसतच नाही. पण लॅपटॉप त्या शून्यावर विश्वास ठेवतो आणि शून्य अक्षरं कॉपी करतो. आणि समजूतदार माणूस रिकामा डबा उघडून बघत नाही.

"साइज खोटाच टाकूया," आशिष म्हणाला. "चौसष्ट अक्षरांचा दाखवायचा."

"खोटा कशाला? खराच चौसष्ट करू. आकडा लिहायचा आणि पुढची जागा कोऱ्या अक्षरांनी भरायची."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच वाद घातला नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळपर्यंत झालं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अर्नाळ्याला, पुन्हा तोच स्वेटर. आता प्रत्येक फाइल अंगाने भरलेली दिसत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात चारही बोटी एकदम आल्या. माल भरपूर होता, शीतगृहाचं दार सारखं उघडत होतं. असाच दिवस पेटीला मानवत नसे, म्हणून मी फोन जवळ घेऊन बसले होते. पाटील सरही माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. दुपारी फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, सकाळपासून तीनदा बघितलं. कंप्रेसरवाला हाय तिथंच हाय. SMSवाला बी तिथंच. तो स्क्रीनवाला वाढतोय. सकाळी चाळीस होता, आता तीनशे झाला."

पाटील सर खुर्चीत सरळ झाले.

"स्क्रीन कुनाचा?" मनीषाताईंनी विचारलं. "त्या SMSवाल्यांचाच का?"

पाटील सरांनी माझ्याकडे बघून हात हलवला. थांब, आत्ता नको, असा तो हात होता. मला त्यांचा राग आला, पण भीती त्याहून मोठी होती. ही बाई उद्या आमची पेटी उचलून फेकून देईल, आणि तिचं चुकणारही नाही. पण तिकडे चार बोटींचा माल खोलीत होता आणि तिने लगेच काहीतरी करायला हवं होतं. तिला अर्धवट सांगून ते झालं नसतं.

"स्क्रीन आमचा," मी म्हटलं.

पलीकडे कोणीतरी बर्फ फोडत होतं.

"ताई, आता 'मर्यादा' उघडा. स्क्रीनच्या फोल्डरमधली. साठ लिहा आणि सेव्ह करा."

"लिवलं." मग लगेच, "स्क्रीन काळा झाला. मॅडम, सगळं गेलं."

"कंप्रेसर?"

चपलांचा आवाज आला, जड दार सरकल्याचा आवाज आला. मग फोनमधून घुंऽऽ असा जाड, एकसुरी आवाज भरून आला. त्यांनी फोन कंप्रेसरसमोर धरला होता. मी इतकी वर्षं मशीनच्या संगतीत आहे, पण कुठल्याही मशीनचा आवाज मला एवढा गोड लागला नव्हता.

"चालू हाय," त्या म्हणाल्या. "आनि स्क्रीन पन परत आला. वापर पंधरा." मग म्हणाल्या, "पाटील सर हायेत का तिथं? त्यांना सांगा, त्या SMSवाल्यांची माफी मागा."

फोन ठेवल्यावर पाटील सर म्हणाले, "एवढं सरळ सांगायची गरज होती का?"

"त्या वाचत होत्या, सर. फोल्डरवर नावच 'स्क्रीन' आहे, आज ना उद्या कळलंच असतं."

"मग नाव काहीतरी दुसरं ठेवायचं होतं."

माझ्याआधी आशिषच म्हणाला, "मग त्यांनी मर्यादा कुठे लिहिली असती?" त्या वाक्यावर मी त्याला नऊ आकड्यांची ओळ माफ केली.

बिघाड सापडायला तासभरही लागला नाही. शीतगृहाचं दार उघडलं की तापमान हलतं, तापमान हललं की ग्राफवर नवा ठिपका पडतो. आमचा प्रोग्राम जुने ठिपके स्क्रीनवरून पुसायचा, पण मेमरीतून सोडायचाच नाही. ऑफिसातल्या पेटीला दार नव्हतं, म्हणून ती शहाण्यासारखी वागत होती. आम्ही परक्यांना मेल लिहीत बसलो आणि कळसा आमच्याच काखेत होता.

मनीषाताईंनी त्याच संध्याकाळी चौघा बोटवाल्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं. पेटीत खोट होती, कुठे होती, आता काय केलंय. एकाने विचारलं, परत झालं तर? त्यांनी लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला आणि तू स्वतः बघ म्हणाल्या. चौघेही राहिले. सुरमई गेलेला पाचवा काही परत आला नाही, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही.

पाटील सरांनी SMSवाल्यांना माफीचा मेल पाठवला, दोन ओळींचा. पुढच्या पेट्यांत तो फोल्डर फक्त आपल्या लोकांपुरता ठेवू, पासवर्ड घालू, असंही त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात मनीषाताईंनी दुसऱ्या खोलीसाठी पेटीची ऑर्डर दिली. अट एकच: फोल्डर हवा, ग्राफ नको. आता आमच्या सगळ्याच पेट्या तशा जातात, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये पाटील सर सांगतात की क्लायंटपासून काही लपवायचं नाही हे आमच्या कंपनीचं पहिल्यापासूनचं धोरण आहे.

या कामातून मी शिकले ते एवढंच. दुसऱ्याची चोरी पकडायला दिवा लावला तरी उजेड आधी आपल्या घरात पडतो. तेव्हा दिवा लावायच्या आधी घर झाडून घ्यावं.