औषध न मारलेलं एक एकर

आमच्या गटाचा अर्ज दोन पानांचा आहे. बदनापूर भागातले आम्ही सातजण रसायनांशिवाय शेती करतो आणि एकमेकांची शेतं आम्हीच तपासतो. नवीन कुणी आलं की त्याच्या बांधावर बसून अर्ज भरायचा. त्यात एक प्रश्न असा आहे, की या जमिनीत रासायनिक औषधाची शेवटची फवारणी कधी झाली? बहुतेक लोक इथं अडखळतात. कुणी म्हणतं आठवत नाही, कुणी दोन वर्षं मागची तारीख ठोकून देतं.

तीन वर्षांपूर्वी परमेश्वर आला, त्यानं तारीख सांगितली, वार सांगितला, कोणती दोन औषधं होती तेही सांगितलं.

"एवढं बराबर कसं ध्यानात राह्यलं?" मी विचारलं.

"मीच मारल्तं."

मी लिहून घेतलं. तेव्हा मला त्याची बाकीची हकिकत माहीत नव्हती. ती पुढच्या तीन वर्षांत तुकड्या-तुकड्यानं कळली, थोडी त्याच्याकडून आणि बरीचशी त्याच्या बायकोकडून, रेणूकडून.

परमेश्वरचे वडील राधाकिसन मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरायचे. पुढं चराईची रानं नांगराखाली गेली, मेंढरं राहिली नाहीत, आणि परमेश्वर नि त्याचा धाकटा भाऊ रामेश्वर फवारणीच्या मजुरीला लागले. मोसंबी, कपाशी, द्राक्ष, ज्याचं बोलावणं येईल तिकडं जायचं. पाठीला पंप, तोंडाला असला तर रुमाल. आमच्याकडं त्या विषाला औषधच म्हणतात. औषध आणलं, औषध कालवलं, औषध मारलं. परमेश्वरनं हे काम सोळा वर्षं केलं. वासावरून औषध ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

चार वर्षांपूर्वी भादव्यात दोघं भाऊ एका कपाशीत होते. पराटीची झाडं डोक्याच्या वर गेलेली, वारं पडलेलं, ऊन चटकत होतं. मालकानं दोन बाटल्या दिल्या आणि एकत्र मारा म्हणाला. ढवळायला काठी सापडेना, म्हणून परमेश्वरनं कोपरापर्यंत हात घालून औषध कालवलं आणि भावाचा पंप भरून दिला. दुपारनंतर रामेश्वर म्हणाला, "दादा, डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली." परमेश्वर म्हणाला, "दोन पंप राह्यलेत. जल्दी मारू अन् जाऊ."

दोन पंप झाले. रामेश्वर बांधावर येऊन बसला तो आडवा झाला. तोंडातून लाळ, अंगाला थरथर. मोटारसायकलवर मधे धरून बदनापूरला नेलं, तिथून जालन्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

परमेश्वर रडला नाही. लोकांना वाटलं, धक्का बसला आहे, रडेल नंतर. दहावा झाला, तेरावा झाला. पंधराव्या दिवशी बोलावणं आलं आणि तो पंप घेऊन फवारणीला गेला. रेणू म्हणाली, "अहो, नका जाऊ." तो म्हणाला, "मंग काय करू?" त्यात चिडकेपणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मी एकदा विचारलं, त्या दिवशी पंप पाठीला लावताना काही वाटलं का? "जड वाटला," म्हणाला. "पान्यानं जड व्हतो तेवढाच."

त्याच हिवाळ्यात एकदा त्यानं तव्यावरची भाकरी हातानं उलटली आणि हात तसाच ठेवला. रेणू ओरडली तेव्हा त्यानं बघितलं. बोटांना फोड आले होते. जालन्याच्या डॉक्टरनं सुई टोचून बघितली. साखर आहे का, दारू घेता का, विचारलं. दोन्ही नव्हतं. मग काम काय करता विचारलं. काम ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, नसांवर परिणाम झालाय. कारण नक्की सांगता यायचं नाही, पण हे काम आता बंद करा. बोटांतली जाणीव परत येईल का? थोडी येईल, कदाचित येणारही नाही.

काम बंद झालं. तो घरी बसला. रेणू मजुरीला जायची. रामेश्वरची बायको सत्यशीला माहेरी गेली नाही, तीही मजुरीला जायची. हा ओट्यावर बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा. मीठ कमी-जास्त झालं तरी बोलायचा नाही. एकदा रेणूनं मुद्दाम अळणी वरण वाढलं, ते त्यानं पुरं खाल्लं.

जालन्याचे जिनेंद्रशेठ यांची आमच्या गावात जमीन आहे. त्यातली एक एकर मोसंबी वाळून गेली, ती त्यांनी काढून टाकली होती. त्यांची बायको रितिका हिनं वर्षभर घरात सेंद्रिय म्हणून महागाची भाजी घेतली. एक दिवस तिनं दुकानदाराला विचारलं, ही कुणी पिकवली, कुठल्या गावची? त्याला सांगता येईना. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, आपलीच जमीन पडून आहे, आपणच पिकवू. शेठना परमेश्वर आठवला, कारण त्या मोसंबीला शेवटपर्यंत औषध मारणारा तोच होता.

"इसमें औषध बिलकुल नको," शेठ त्याला म्हणाले. "जमेल?"

"जमंल," तो म्हणाला. रेणू सांगते, त्या दिवशी त्याला विहिरीत उतर म्हटलं असतं तरी तो जमंल म्हणाला असता.

अशा रीतीनं तो आमच्या गटात आला. आम्ही त्याला शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून जीवामृत करायला शिकवलं, निंबोळीचा अर्क काढायला शिकवलं. शेजारच्या कपाशीवरचा फवारा अडावा म्हणून त्या बाजूला दाट मका लाव म्हटलं, तो त्यानं लावला. सांगितलेलं सगळं करायचा, आपलं काही म्हणायचा नाही. मजुरीला सत्यशीला येऊ लागली. आमच्याकडं थोरल्या दिराशी बाया तोंड भरून बोलत नाहीत. ती पदर सावरून, दुसरीकडं बघून, कामापुरतं बोलायची. त्यालाही तेच बरं होतं.

पहिल्या वर्षी कोबी अळीनं खाल्ली. नुसत्या शिरा उरल्या. परमेश्वर वाफ्याच्या कडेला उभा राहून बघत होता. सोळा वर्षं त्यानं अळी मरताना बघितली होती, खाताना एवढ्या जवळून बघितली नव्हती. सत्यशीला खाली बसून एकेक अळी वेचून डब्यात टाकायला लागली. तोही बसला. पण बोटांना अळी कळायची नाही. चिमटीत आली की सुटली हे डोळ्यांनी बघावं लागायचं. दोघांनी चार दिवस अळ्या वेचल्या. थोडी कोबी वाचली, तीही वेडीवाकडी.

दुसऱ्या वर्षी शेतानं जरा जीव धरला. माती मोकळी झाली, गांडुळं दिसायला लागली. शेठनी दर रविवारी सकाळी जालन्याला दुकानाच्या ओट्यावर भाजी मांडायचं ठरवलं आणि पाटीही रंगवून घेतली, 'शंभर टक्के सेंद्रिय'. मी म्हटलं, शेठ, असं लिहिता येत नाही. जमीन अजून बदलते आहे, औषधाविना जायची मुदत भरलेली नाही, गटाची तपासणी पुरी व्हायची आहे. ते हसले. "अरे, औषध तो मारा नहीं ना? फिर?"

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मेथीचे वाफे तयार होते. शेजारी अप्पारावची कपाशी. मका होता, पण वारं त्या दिवशी जोराचं होतं. परमेश्वर मेथी उपटत होता आणि मधेच थांबला.

"वास येऊन राह्यला," तो म्हणाला.

सत्यशीलाला काही कळेना. तो उठला, मका ओलांडून पलीकडं गेला. तिथं रामप्रसाद नावाचा मजूर एकटा औषध मारत होता. अंगात नुसता बनियन, पाठ पंपाच्या गळतीनं भिजलेली.

"वारं आहे, थांब," परमेश्वर म्हणाला.

"मालक म्हन्ला आजच उरकायचं. दोनच पंप राह्यलेत."

परमेश्वरनं मागं जाऊन पंपाचे पट्टे सोडवले आणि पंप खाली ठेवला. रामप्रसाद आधी चिडला, पण त्यालाही गरगरत होतंच. परमेश्वरनं त्याला हाताला धरून आपल्या पाण्याच्या मोटारीच्या पाइपाखाली बसवलं, बनियन काढून लांब फेकला, साबण घेतला आणि त्याची पाठ, हात, मान, कानामागं, सगळं चोळून धुतलं. एकदा झाल्यावर पुन्हा धुतलं. मग तिसऱ्यांदा. रामप्रसाद म्हणाला, "बास की आता, झालं." तरी तो चोळत होता. सत्यशीला मेथीच्या वाफ्यात उभी राहून हे बघत होती. तिनं आपल्या डोक्याचा टॉवेल सोडून पुढं आणून दिला. मग त्याच्या घरच्यांना बोलावून रामप्रसादला दवाखान्यात नेलं. तो दोन दिवसांत घरी आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेठची गाडी आली. वांगी, काकडी, दोडके चढले. मेथीच्या जुड्या बांधावर तशाच.

"मेथी?" शेठनी विचारलं.

"ती न्हाई द्यायची. शेजारचं औषध आलंय तिच्यावर."

"थोडं उडालं असेल. धुऊन टाकलं की झालं."

"धुऊन सगळं जात न्हाई, शेठ. मला ठाऊक आहे."

शेठ चिडले. लोकांना सांगून ठेवलं आहे, पहिलाच दिवस आहे, असं म्हणाले. परमेश्वर ऐकत उभा होता. त्यानं वाद घातला नाही आणि जुड्याही उचलल्या नाहीत. रितिका गाडीत होती. ती उतरली, जुड्यांकडं बघितलं, परमेश्वरकडं बघितलं.

"राहू दे मेथी," ती नवऱ्याला म्हणाली. "अन् ती पाटी पण नको."

त्या आठवड्यात तिनं पाटीवरचे शब्द पुसून दुसरे लिहून घेतले. 'औषध न मारता पिकवलेली भाजी. कुठं, कशी, विचारा.' लोक खरंच विचारू लागले. एक बाई दर रविवारी यायच्या. त्यांनी परमेश्वरला विचारलं, "यात जीवनसत्त्वं जास्त असतात का हो? आजार बरे होतात म्हणे."

"ते मला न्हाई माहीत," तो म्हणाला.

मी तिथं होतो, म्हणून मी थोडं सांगितलं. जीवनसत्त्वांचं अजून पक्कं ठरलेलं नाही, कुणी जास्त म्हणतं, कुणी तेवढीच. आजार बरा होतो असं कुणी सांगितलं तर मानू नका. पण फवाऱ्याचा अंश बराच कमी असतो, मातीत जीव टिकतो, एवढं नक्की. माती लागलेली असते, म्हणून धुऊन मात्र घ्याच.

"मग फायदा नेमका कुणाला?" बाईंनी विचारलं.

"पिकवणाऱ्याला आधी," परमेश्वर म्हणाला आणि वांगी तोलायला लागला. बाईंना ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी वांगी घेतली.

यंदा जमिनीची मुदत पुरी झाली, गटानं प्रमाणपत्र दिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि पाणी सोडायला गेला. बोटांचं तसंच आहे, अंगठ्याला थोडं कळतं म्हणतो. रामप्रसाद अधूनमधून कामाला येतो. अप्पाराव आता वारं बघून फवारतो, दर वेळी नाही, पण बघतो.

गेल्या आठवड्यात मी तिकडं गेलो होतो. दुपारी सावलीत बसलो. सत्यशीलानं वेलावरच्या तीन काकड्या तोडून पाइपाखाली धुतल्या आणि आणून ठेवल्या. ती लांब बसली, नेहमीसारखी तोंड फिरवून. परमेश्वरनं एक काकडी उचलली, बघितली.

"रामूला काकडी लई आवडायची," तो म्हणाला.

तीन वर्षांत त्याच्या तोंडून भावाचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो. सत्यशीलानं मान वळवून सरळ त्याच्याकडं बघितलं.

"न्हाई, दादा," ती म्हणाली. "त्याह्यला भुईमुगाच्या शेंगा आवडायच्या. काकडी तुम्हाला आवडायची."

त्यानं हातातल्या काकडीकडं पुन्हा बघितलं.

"आसं व्हय," म्हणाला, आणि खायला लागला.