मार्तंडरावांचे युनिट आणि बायनाबाईचा लिंब

सेलूच्या मार्तंडरावांनी सगळी नोकरी कचेरीत बसून दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर शेरे मारायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी गच्चीवर सौर पॅनल बसवून घेतले आणि सूर्यावर शेरे मारायला लागले. किती वीज तयार झाली ते मोबाइलवर दिसायचं. चहाच्या आधी मोबाइल, जेवताना मोबाइल, आणि ढग न विचारता आला की कपाळाला आठी. संध्याकाळी त्या आकड्यांचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर पडे. त्याखाली एखाद्याचा तरी अंगठा येईपर्यंत साहेबांना घास गोड लागत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी आपल्याकडे कधी एवढं निरखून पाहिल्याचं त्यांच्या पत्नीला, हेमाबाईंना, आठवत नव्हतं.

खंडेनवमीला लोक विळी, शिवणयंत्र, स्कूटर पुजतात. मार्तंडरावांनी पॅनलही पुजले. त्या एका दिवशी ते स्वतः शिडी चढले, तेलात कालवलेल्या शेंदराचं हातभर स्वस्तिक प्रत्येक पॅनलवर काढलं, झेंडू वाहिला, फोटो काढला आणि उतरले. पूजेचं पुसायचं नसतं, असंही घरात बजावून ठेवलं.

दिवाळीनंतर युनिट उतरायला लागले. एकदा वर जाऊन बघा, असं हेमाबाई म्हणाल्या. सगळं मोबाइलवर दिसतं, वर चढायला मी काय वायरमन आहे का, असं साहेबांनी तुच्छतेने विचारलं. उंटावरून शेळ्या हाकायची सवय जन्माची. खुर्चीतून उठायचं नाही, गुन्हेगार मात्र पाहिजे. मग नजर गेली शेजारच्या बायनाबाईच्या लिंबावर. याचीच सावली पॅनलवर पडते, हा पाडलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

हा कडुलिंब मार्तंडरावांच्या घराच्या उत्तरेला. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा लिंबाची सावली पडायची ती बायनाबाईच्याच अंगणात, हे शाळेतल्या पोरालाही कळावं. त्या सावलीत दुपारी बायनाबाई तूर पाखडायची आणि हेमाबाई भाजी निवडायला जायच्या. घरात युनिट ऐकून कान किटले की माणसासारखं बोलायला त्यांना तेवढीच एक जागा होती. ती राहावी म्हणून त्या नवऱ्याशी भांडल्या, मग अबोला धरला. अबोला धरलाय हे साहेबांच्या लक्षातच आलं नाही.

बायनाबाईचा मुलगा बन्सीधर याला मार्तंडरावांनी कधीकाळी एक दाखला लवकर काढून दिला होता. काम सरकारी पगारात केलेलं, पण उपकार म्हणून त्यांनी ते जपून ठेवलं होतं. आता ते बाहेर काढलं. बन्सीधरला शब्द मोडवेना. बायनाबाई लेकीकडे राणीसावरगावला गेलेली असताना लिंब पडला.

त्याचा पाला गच्चीवर उडून आला होता. तो झाडायला हेमाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी वर गेल्या आणि बघतच राहिल्या. जिनिंगचे कारखाने सुरू झाल्यापासून गावात कापसाची लव उडत होती. ती आणि धूळ त्या तेलकट शेंदराला चिकटून पॅनलवर गोधडीसारखा थर बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तर घरातच. त्यांनी साबणाचं पाणी नेऊन सगळं घासून काढलं.

दुसऱ्या दिवशी युनिट वर चढले. मार्तंडरावांनी ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं, 'अडथळा दूर केल्याचा परिणाम.' भराभर अंगठे आले. हेमाबाईंना नवऱ्याची किळस आली.

बायनाबाई परतल्यावर त्या तिच्याकडे गेल्या. तुटक्या बुंध्यापाशी दोघी उन्हातच बसल्या. हेमाबाईंनी शेंदराचं सगळं सांगितलं, हात जोडले आणि आज चार लोकांसमोर नवऱ्याला खरं काय ते ऐकवते, असं म्हणाल्या. बायनाबाईने पदराने डोळे पुसले. मग तिने हेमाबाईंचा हात घट्ट धरला.

"नका सांगू, ताई. आपल्या शेंदरानं झालं हे ते कवाच मानणार न्हाईत. लिंबाचा दोष न्हवता एवढंच ऐकतील, अन् पुन्हा युनिट घटले की दुसरं काई शोधतील. माझ्या दारात अजून शेवगा हाय."